घर बदलापूरला, ड्यूटी परळला

पत्र:

ताई, मी ३४ वर्षांची आहे, परळच्या एका हॉस्पिटलमध्ये लॅब टेक्निशियन. लालबागला चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही चौघं राहतो, मी, नवरा, सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा. संडास बाहेर, कॉमन. बिल्डिंग सेसची आहे, म्हणजे दुरुस्तीसाठी म्हाडाला उपकर भरणारी जुनी भाड्याची इमारत, रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू आहेत. नवरा अंबरनाथ एमआयडीसीत सुपरवायझर आहे, रोज लालबागहून जातो-येतो. त्याच्या कंपनीतल्या बऱ्याच जणांनी बदलापूरला घरं घेतली, आता ह्यांनी पण वन बीएचके बघितलाय, सगळं धरून ३८ लाख, बिल्डिंग तयार आहे, ओसी, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, महिन्याभरात येईल म्हणतात. पाडव्याची ऑफर आहे म्हणून रविवारी ५१ हजार टोकन द्यायचं चाललंय. आमच्याकडे ८ लाख साठलेत, ३० लाखांचं लोन दोघांच्या पगारावर होईल, माझा २८ हजार, त्यांचा ३६. सासूबाई म्हणतात तुम्ही खुशाल जा, मी लालबाग सोडणार नाही. मुलाला तर दिवसभर त्याच बघतात. मी परळला कशी येणार विचारलं की नवरा म्हणतो लाखो लोक येतात, तुलाच काय झालं. मोठं घर मलाही हवंय ताई, स्वतःचं बाथरूम हवंय, पण रात्री झोप लागत नाही. मी स्वार्थी विचार करतेय का?

लालबागची एक वाचक

उत्तर:

अगं, सगळ्यात आधी हे, की रविवारी टोकन देऊ नका. बदलापूरला नाही म्हण असं मी सांगत नाहीये, ते पुढे बोलूच, पण ओसी हातात नसलेल्या बिल्डिंगला सणाच्या घाईत पैसे द्यायचे नाहीत एवढं आजच नवऱ्याला सांग. पाडवा जाईल, मग अक्षय्य तृतीया येईल, मग दसरा येईल, ऑफर प्रत्येक वेळी असणारच आहे.

आता तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते कारण तोच तुला खातोय. नाही, स्वार्थी नाहीयेस तू. उलट तुमच्या घरात ह्या सगळ्याचा हिशोब मांडायचा प्रयत्न फक्त तूच करतेयस असं तुझं पत्र वाचून वाटलं. पण नवराही चुकीचं मागत नाहीये हे तितकंच खरं. तो रोज करी रोडला स्लो पकडतो, दादरला उतरून अंबरनाथ नाहीतर बदलापूर-कर्जतची फास्ट घेतो, उतरल्यावर पुन्हा रिक्षा, म्हणजे दाराबाहेर पडल्यापासून कंपनीच्या गेटपर्यंत पावणेदोन तास कुठे जात नाहीत, आणि तेवढेच परत. बदलापूरला घर झालं तर अंबरनाथ पुढचंच स्टेशन, दहा मिनिटांत. इतकी वर्षं हे करणाऱ्या माणसाला ते घर दिसलं की त्याचा जीव त्यात गुंतणारच. मुलगा मोठा होतोय, दहा बाय बारात चौघं, ह्यातून बाहेर पडावंसं वाटण्यात काहीही गैर नाही.

फक्त त्याच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी आहे की हा प्रवास संपत नाहीये, तो त्याच्याकडून उचलून तुझ्याकडे येतोय. आणि जसाच्या तसाही येत नाहीये. तो सकाळी मुंबईहून बाहेर जातो, संध्याकाळी बाहेरून मुंबईत येतो, म्हणजे गर्दीच्या उलट, त्याला बहुतेक रोज बसायला मिळत असणार, झोपही होत असेल. तू गर्दीच्या बरोबर जाणार आणि गर्दीच्या बरोबर येणार. त्यामुळे "मी इतकी वर्षं केलं, आता तू कर" असं जर कोणाच्या मनात असेल तर ते दोन प्रवास सारखे नाहीत हे आधी बोलून घ्या.

मी ह्या लाईनवर बरीच वर्षं प्रवास केलाय म्हणून जरा सविस्तर सांगते. बदलापूर ते दादर फास्टने सव्वा तास धर, गाडी वेळेवर असेल तर. तुझी ड्यूटी आठची असेल तर सहाच्या आत-बाहेर घर सोडायचं, शेअर रिक्षाने स्टेशन, सव्वासहाच्या सुमाराची गाडी, दादरला बदलून परळ, मग चालत हॉस्पिटल. म्हणजे साडेचारला उठून डबे. सकाळी बदलापूरहूनच सुटणारी गाडी मिळाली तर जागा मिळते, पण त्यातही गंमत नाही, कारण अंबरनाथच्या बायका सीटसाठी उलट्या बदलापूरला येतात, ह्याला लाईनवर रिटर्न येणं म्हणतात, म्हणजे रिकामी वाटणारी गाडी फलाटावर लागते तेव्हाच निम्मी भरलेली असते. कर्जत-खोपोलीहून येणारी तर भरूनच येते, तिच्यात दारापाशी उभं राहायला मिळालं तरी पुष्कळ. संध्याकाळी दादरला फास्ट पकडायची तर ती सीएसएमटीपासून भरून आलेली. परळहून सुटणाऱ्या गाड्या २०१९ पासून झाल्यात, तिथून कल्याणकडच्या स्लोमध्ये बसायला मिळेल कदाचित, पण मग कल्याणला उतरून बदलापूरची भरलेली गाडी परत पकडायची, त्यात एकूण वेळ आणखी वाढतो. चारला सुटलीस तरी सहा-सव्वासहाच्या आधी घरी येणं कठीण. आणि हे जनरल ड्यूटीचं. लॅबला दुपारची शिफ्ट पण असते, ती तू पत्रात लिहिली नाहीस पण असणारच, रात्री नऊ-साडेनऊला सुटलीस की घरी पोचायला साडेअकरा, आणि बदलापूरच्या स्टेशनबाहेर रात्री रिक्षा मिळते का, किती घेतात, तुझ्या बिल्डिंगपर्यंतचा रस्ता कसा आहे, हे कोणी बघितलंय का? फ्लॅट बघायला सगळे रविवारी दुपारी बारा वाजता जातात आणि बिल्डरच्या गाडीतून जातात.

ह्या पट्ट्यात गाड्या का लेट होतात तेही समजून घे. कल्याणपासून कर्जतकडे अजून दोनच रूळ आहेत, एक जाणारा एक येणारा. त्याच दोन रुळांवरून लोकल, पुण्याकडच्या बहुतेक मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या. एखादी एक्स्प्रेस लेट झाली, मालगाडीचं इंजिन बंद पडलं, की लोकल मागे उभी. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाईन मंजूर आहे, काम चालू आहे, झाली की खूपच फरक पडेल ह्यात शंका नाही. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशनही होणार आहे. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो १४ चं नाव तर प्रत्येक ब्रोकरच्या तोंडी आहे. वडोदरा-मुंबई एक्स्प्रेसवे बदलापूरजवळून जातो, तो बोगद्यातून पनवेलकडे निघतो, तेही ते सांगतील. सांगू देत. तुझा मुलगा दहावीला जाईल तेव्हा ह्यातलं बरंच झालेलंही असेल, पण तुला ड्यूटीवर जायचंय ते ह्या वर्षी, तेव्हा आज जी गाडी आहे तीच हिशोबात धरायची. ह्या गाड्यांवर लोकांचा जीव किती अवलंबून आहे ते बघायचं तर ऑगस्ट २०२२ आठव. साध्या लोकलच्या जागी एसी लोकल लावल्या म्हणून कळवा आणि बदलापूरला प्रवासी भडकले आणि रेल्वेला त्या दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. एक ठरलेली गाडी गेली की घरातलं सगळंच कोलमडतं.

आता पैशाचं, कारण माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट ही आहे आणि ती तू एका ओळीत लिहून पुढे गेलीयस. ३० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्क्यांच्या आसपास व्याज धरलं तर हप्ता साधारण २६ हजार बसतो. दोघांचे मिळून ६४ हजार येतात तोवर ओढाताण होईल पण निघेल. पण ह्या घरामुळे सगळ्यात जास्त धोक्यात काय येतंय तर तुझी नोकरी. सासूबाई आल्या नाहीत, मुलगा आजारी पडला, तू सहा महिने रोज साडेचारला उठून थकलीस, तर घरात सगळे म्हणणार, जाऊदे, सोड नोकरी, मुलाकडे बघ. कोणी वाईट हेतूने म्हणणार नाही, प्रेमानेच म्हणतील. आणि त्या दिवशी ३६ हजारातून २६ हजार बँकेत जातील आणि १० हजारात मेंटेनन्स, लाईटबिल, शाळा, किराणा, लालबागला सासूबाईंचा खर्च. तुझ्या पगारावर लोन मिळणार आणि त्या घराच्या अंतरानेच तुझा पगार जाणार, हे नवऱ्याला कागदावर लिहून दाखव. भांडू नकोस, दोन रकाने काढ, तुझा पगार धरून आणि न धरून. तो सुपरवायझर आहे, त्याला आकडे कळतात.

सासूबाईंबद्दल. त्या हट्ट करतायत असं तू लिहिलं नाहीस पण घरात तसं बोललं जात असणार. त्यांचं सगळं आयुष्य तिथे गेलंय, खाली उतरलं की बाजार, दुखलं खुपलं तर केईएम, समोरच्या खोलीचं दार उघडं, चार बायकांमध्ये संध्याकाळ जाते. बदलापूरला तिसऱ्या मजल्यावर बंद दाराच्या फ्लॅटमध्ये सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एका लहान मुलाबरोबर एकटं राहायचं, त्यांना भीती वाटणं बरोबर आहे. आणि अजून एक व्यवहाराची गोष्ट आहे जी तुम्हा तिघांनाही माहीत असायला हवी. खोलीची भाडेपावती बहुतेक त्यांच्याच नावावर असेल, ते बघून घे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये असं आहे की जागा सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय न वापरता पडून राहिली तर मालकाला ताबा मागण्यासाठी ते एक कारण होऊ शकतं. म्हणजे सगळे उठून बदलापूरला गेलात आणि खोलीला कुलूप लागलं तर उद्या अडचण येऊ शकते. सेसच्या इमारतीचा पुनर्विकास झाला तर राहत्या भाडेकरूला निदान ३०० चौरस फूट कार्पेटचं घर मिळतं, लालबागला, मालकीचं. ते कधी होईल मी सांगू शकत नाही आणि त्या आशेवर आणखी वीस वर्षं बसा असंही म्हणणार नाही, पण तो हक्क निष्काळजीपणे घालवायचा नाही. सासूबाई तिथे राहतायत ह्याने तो हक्क जपला जातोय. त्यांना हे ह्याच शब्दात सांग, की आई तुम्ही इथे राहताय म्हणून ही खोली आपली आहे. मग बघ, पुढचं बोलणं किती सोपं होतं ते. पावती, लाईटबिल, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, ह्या सगळ्याच्या झेरॉक्स काढून एका फाईलला लाव आणि रूम विकायचा किंवा सरेंडर करायचा विषय निघाला तर चांगला वकील गाठल्याशिवाय सही नाही.

मग करायचं काय? माझं मत, आधी बदलापूरला भाड्याने राहून बघा. घर घ्यायच्या आधी एक अख्खा पावसाळा तिथे काढा. स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर साधा वन बीएचके अजून आठ-दहा हजारांत मिळू शकतो, ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करा, रजिस्टर करा, मे महिन्यात शिफ्ट व्हा म्हणजे पाऊस, गणपती, दिवाळी, शाळा, सगळं त्यात येतं. हप्ता २६ हजार भरायची तयारी आहेच ना, मग भाडं वजा जाता उरलेले सोळा हजार दर महिन्याला आरडीत टाका. वर्षाला पावणेदोन लाखाच्या वर जमतील आणि हप्ता झेपतो की नाही तेही कळेल. नवरा म्हणेल भाड्याचे पैसे वाया. एक-सव्वा लाख जातील हे खरं आहे, पण चुकीच्या जागी ३८ लाख अडकले तर घर विकताना काय होतं ते कंपनीतल्याच कोणालातरी विचार म्हणावं. तिकडे नवीन बिल्डिंगा इतक्या होतायत की जुना फ्लॅट लगेच विकला जात नाही.

त्या वर्षात पहिली गोष्ट बघायची ती पाणी, दोन्ही अर्थाने. बदलापूर उल्हास नदीच्या काठावर आहे आणि नदी पावसाळ्यात गावात येते. २६ जुलै २००५ ला आली, २०१९ ला आली, २०२१ ला परत आली. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, हजारभर माणसं बोटींनी काढली, ते तुला आठवत असेल, टीव्हीवर दिवसभर तेच होतं. पश्चिमेला नदीकडचा भाग, हेंद्रेपाडा, रमेशवाडी, बॅरेज रोड, मांजर्लीचा काही भाग, तिथे पाणी शिरल्याच्या बातम्या दर मोठ्या पावसात येतात. त्यामुळे तुम्ही बघितलेला फ्लॅट नक्की कुठे आहे हे तू लिहिलंच नाहीस आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. बिल्डरला विचारू नकोस, त्या गल्लीतल्या जुन्या किराणावाल्याला विचार, २००५ ला पाणी कुठपर्यंत होतं, २०२१ ला कुठपर्यंत, तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. पूररेषेचा नकाशा असतो, निळी आणि लाल रेषा, नगरपरिषदेत जाऊन आपला सर्व्हे नंबर त्यात कुठे पडतो ते बघता येतं. पहिला-दुसरा मजला आहे म्हणून निर्धास्त राहू नका, मीटर बॉक्स, पंप आणि बाईक खालीच असतात. पूर्वेला कात्रप, शिरगाव भागात नदीची भीती तितकी नाही, पण तिकडे मानकिवली-खरवईच्या एमआयडीसीकडे जवळ असेल तर रात्री केमिकलचा वास येतो का ते रात्रीच जाऊन बघायचं. आणि दुसरं पाणी म्हणजे नळाचं. पुरवठा जीवन प्राधिकरणाचा आहे, नदीवरच्या बॅरेजमधून, तरी उन्हाळ्यात कुठे किती वेळ येतं ते बिल्डिंगनुसार वेगळं. एप्रिल-मेमध्ये टँकर येतो का, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये किती लागतात, वॉचमनला विचार. लाईट जाण्याची पण सवय करावी लागते, लालबागला तुम्हाला ती सवय नाहीये, वादळ-पावसात तासन्‌तास जाते कधी कधी.

कागदपत्रं थोडक्यात सांगते, कारण हे सगळीकडे सारखंच आहे. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र नगरपरिषदेकडून मिळालेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, येईल म्हणतात त्याला काही अर्थ नाही. ओसी नंतर घेतलं तर जीएसटी लागत नाही, आधी घेतलं तर लागतो, मग "सगळं धरून ३८" मध्ये तो धरलाय का? प्रोजेक्टचा महारेरा नंबर, म्हणजे सरकारी नोंदणी नंबर, घेऊन महारेराच्या वेबसाईटवर ताबा द्यायची तारीख, किती फ्लॅट विकले गेले, कोर्टकेस आहे का, सगळं दिसतं. रजिस्टर्ड ॲग्रीमेंट केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. एरिया कार्पेटमध्येच विचारायचा, सुपर बिल्टअप ऐकूनही घ्यायचा नाही. आणि एक खास तुझ्यासाठी, घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे, ३८ लाखांवर ३८ हजार वाचतात. नवऱ्याचं नाव मालक म्हणून जोडलं की ती मिळत नाही. हे पैसे वाचवायला सांगतेय असं दिसेल पण मला त्यातून दुसरंही म्हणायचंय. ज्या घरासाठी सर्वात जास्त तास तू देणार आहेस ते तुझ्या नावावर असावं. निदान दोघांच्या तरी. नुसतं त्याच्या नावावर आणि लोन दोघांच्या पगारावर, हे करू नकोस.

मुलाच्या शाळेचं, तू लिहिलं नाहीस पण मनात असणारच. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींच्या बाबतीत जे घडलं त्यानंतर गाव रुळावर उतरलं होतं, दिवसभर गाड्या बंद होत्या. म्हणून तिथल्या सगळ्या शाळा वाईट असं होत नाही, पण आपण विचारायला शिकायचं. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती शाळेत आहे का, तिच्यात पालक कोण आहेत, लहान मुलांच्या संडासाजवळ बाई मदतनीस असते का, सीसीटीव्ही चालू आहेत का, व्हॅनचा ड्रायव्हर कोण. चांगल्या शाळा ह्या प्रश्नांना नीट उत्तरं देतात. तू परळला असताना मुलाला शाळेत काही झालं तर दहा मिनिटांत कोण पोचणार? अंबरनाथला असलेला बाप. म्हणजे शाळेच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर त्याचा असायला हवा.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त जोर द्यायचाय. तो बदलापूरला गेला तर त्याचे रोजचे तीन तास वाचतात. ते तीन तास कोणाचे? आत्ता घरात कोणी हा प्रश्न विचारलेला नाही, आणि विचारला नाही तर ते तास त्याचे आरामाचे होतात आणि तुझ्यावर प्रवासही येतो आणि घरही राहतं. तेव्हा शांतपणे बसून ठरवा, सकाळी मुलाला उठवणं, डबा, शाळेत सोडणं, दुपारी घ्यायला पाळणाघराची व्यवस्था, संध्याकाळी भाजी चिरून कुकर लावणं, अभ्यास, हे सगळं त्याचं. मदत म्हणून करायचं नाही, त्याचं काम म्हणून. तू साडेसहाला येशील तेव्हा गरम चहा मिळायला हवा, उष्टी भांडी नकोत. तो म्हणाला ना लाखो लोक येतात? खरंय, येतात, आणि त्यातल्या हजारो बायका लेडीज डब्यात उभ्या उभ्या भाजी निवडतात कारण घरी गेल्यावर वेळ नसतो. त्यांच्यात एक तू वाढावीस असं त्याला वाटतंय का, हे त्याला सरळ विचार. माझा अंदाज आहे की तो नाही म्हणेल. त्याने हा विचार केलेला नाही, एवढंच असेल.

त्या भाड्याच्या वर्षात तू पण एक काम करायचंस, तिकडे नोकरी शोधायची. लॅब टेक्निशियनला सगळीकडे मागणी आहे. उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय आहे, अंबरनाथला २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय, कल्याण-डोंबिवलीला खाजगी हॉस्पिटलं आणि डायग्नोस्टिक सेंटर रांगेने आहेत. पगार थोडा कमी मिळेल, २८ चे २२-२३ होतील कदाचित, पण रोजचे साडेतीन-चार तास परत मिळतील. फक्त परळची नोकरी पर्मनंट असेल, पीएफ-ग्रॅच्युइटी असेल, तर घाईने राजीनामा नको, दुसरं ऑफर लेटर हातात आल्यावरच. आणि पर्मनंट नोकरी सोडवतच नाही असं वाटलं तर तेही ठामपणे सांग, मग डोंबिवली-कल्याणचा विचार करा, तिथून तुला गाड्या भरपूर आणि अर्धा-पाऊण तास कमी, त्याला अंबरनाथ वीस-पंचवीस मिनिटं. पैसे जास्त लागतात, ३८ लाखात जुन्या बिल्डिंगमधला छोटा रिसेल मिळेल, पण प्रवास दोघांत वाटला जातो.

बदलापूरबद्दल मी घाबरवणारंच जास्त लिहिलं, ते प्रश्न तसा होता म्हणून. मला ते गाव आवडतं. पावसात चंदेरी आणि टवलीचे डोंगर गॅलरीतून दिसतात, जूनमध्ये स्टेशनबाहेर आदिवासी बायका टोपल्यांत जांभळं घेऊन बसतात, तशी जांभळं दादर मार्केटला पण मिळत नाहीत. २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेलं गाव २०११ ला पावणेदोन लाखांच्या जवळ गेलं, आणि त्यात आलेले खूपसे लोक तुमच्यासारखेच, गिरगाव-लालबाग-परळच्या खोल्यांमधले. त्यामुळे परकं वाटणार नाही तुला. गणपतीला ढोल आहेत, नाटकाला माणसं येतात, बिल्डिंगखाली पोरं क्रिकेट खेळतात. तुझ्या मुलाला सायकल चालवायला जागा मिळेल, सुट्टीत आजी आठ दिवस राहायला येईल, आणि तिला आवडलं तर आठाचे पंधरा होतील. आग्रह करायचा नाही, तिला तिच्या पायाने येऊ दे.

आता आजच्या आज काय, तर ब्रोकरला फोन करून सांगायचं की ओसीची कॉपी आणि महारेरा नंबर व्हॉट्सॲपवर पाठवा, मग बोलू. आणि येत्या सोमवारी ड्यूटीच्या दिवशी नवऱ्याला सुट्टी घ्यायला लाव, पहाटे सव्वासहाला तुम्ही दोघं बदलापूर स्टेशनच्या फलाटावर असायला हवं, त्यासाठी आदल्या रात्री कंपनीतल्या मित्राकडे मुक्काम करा. तू लेडीज डब्यात, तो जनरलमध्ये, परळपर्यंत या. संध्याकाळी परत तसंच जा. हे झालं की हे पत्र त्याला वाचायला दे, आणि त्याला सांग, हवं तर त्यानेही मला लिहावं, कारण त्याची बाजू मी फक्त तुझ्याकडून ऐकलीये.